दगडी हत्तीचे कान

"हे सांगितलं तर कोणी विश्वास ठेवायचा नाही," असं म्हणत बाबुराव कडूंनी व्हॅनचं मागचं सीट दोन्ही हातांनी उचलून धरलं आणि त्याखाली डोकं घातलेल्या निरंजनला सांगायला सुरुवात केली, की याच अँप्लिफायरच्या आवाजानं तापीतल्या दगडी हत्तीनं कान हलवला होता.

राजघाटावरची गोष्ट. भर दुपार, गाडीची सगळी दारं उघडी, आवाजाचं बटण निम्म्यावर. निम्म्यावर, हे त्यांनी दोनदा सांगितलं. पहिल्या ठोक्याला पाण्यावर काटा आला. दुसऱ्या ठोक्याला पलीकडच्या काठावर वाळत घातलेली लुगडी आपोआप घडी होऊन पडली. आणि तिसऱ्या ठोक्याला, बादशहांच्या काळापासून नदीत उभ्या असलेल्या त्या हत्तीनं डावा कान हलवला. माशी हाकलावी तसा. एकदाच.

निरंजननं सीटखालून डोकं बाहेर काढलं. त्याच्या कपाळाला ग्रीस लागलं होतं.

"काका, त्या हत्तीचे कान तर पाण्यात राह्यतात."

"उन्हाळा होता," बाबुराव म्हणाले.

बुऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यातल्या निरंजनच्या अँप्लिफायर-दुरुस्तीच्या दुकानापुढे बाबुरावांची सून रोहिणी मोबाइल मुठीत धरून उभी होती. एरवी सासऱ्यांच्या अशा थापांना ती तोंडावर हात धरून हसायची. कधी मुद्दाम एखादी खोट काढून त्यांना पुढची, आणखी मोठी थाप मारायला लावायची. आज ती हसली नाही. आज ती साक्षीदार म्हणून आली होती, आणि साक्षीदारानं हसू नये असं तिला सकाळपासून वाटत होतं.

साक्षीला कारण एका ट्रकचं झालं. पंधरवड्यापूर्वी निंबोल्याच्या रस्त्यावर केळीनं भरलेला एक ट्रक बाबुरावांच्या मागे लागला. त्यानं हॉर्नवरचा हात काढला नाही आणि बाबुरावांनी बाजू दिली नाही. शेवटी ट्रकवाला घासून पुढे गेला आणि जाताना व्हॅनचा उजवा आरसा घेऊन गेला. घरी आलेल्या गाडीच्या दाराला नुसती तार लोंबत होती. ती पाहून रोहिणीचा नवरा सुनील भरल्या ताटावरून उठला. बाबांचे कान गेलेत, आता गाडी बंद, एवढंच तो बोलला.

बाबुरावांनी ते साफ उडवून लावलं. कान ठणठणीत आहेत. मेला आहे तो अँप्लिफायर. बटण शेवटपर्यंत पिळलं तरी स्पीकरच्या डब्यांतून मच्छर गुणगुणल्यासारखा आवाज येतो. त्या दिवशी गाणं इतकं बारीक येत होतं की मान वाकवून ऐकत बसावं लागलं. अशात मागे कोण हॉर्न वाजवतो याकडे कोणाचं लक्ष जाईल? पुढचा सगळा आठवडा ते हेच सांगत राहिले. जेवताना सांगितलं, अंघोळीला जाताना सांगितलं, दारावर आलेल्या भाजीवाल्यालाही सांगितलं. गल्लीला मात्र त्या व्हॅनचं गाणं चार घरांपलीकडे ऐकू यायचं, आणि रोहिणीला तर फोडणीच्या चुरचुरीतूनही कळायचं की बाबा कोपऱ्यावर आले.

शेवटी सुनीलनं अट घातली. गाडी निरंजनला दाखवायची. आवाज खरंच कमी असेल आणि दोष गाडीत निघाला, तर चावी बाबांची. नाही निघाला, तर शहापूरचा एक माणूस संध्याकाळी गाडी बघायला येणार आहे, त्याला ती देऊन टाकायची. बाबुरावांनी अट तिथल्या तिथे मान्य केली. इतक्या चटकन, की सुनीललाच शंका आली आणि कामावर निघताना तो रोहिणीला बाजूला घेऊन म्हणाला, "बाबांच्या तोंडून नको. तू जा, तुझ्या कानानं ऐक आणि मला फोन कर."

म्हणून ती आली होती. व्हॅन गेली तर बाबा घरात बसणार. कागदाच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी ही गाडी घेतली तेव्हापासून गल्लीतल्या एकाही हळदीला दुसऱ्याचं गाणं वाजलं नव्हतं. नेपानगरला जुन्या सोबत्यांना भेटायला जायचं, वाटेत चांदनीच्या स्टेशनावर उगीच उतरून चहा प्यायचा, येताना कोणाचं तरी आजारी माणूस, कोणाची तरी बकरी गाडीत घालून आणायची. त्यांच्या सगळ्या थापा रस्त्यावरच घडायच्या. खिडकीशी खुर्ची टाकून बसलेले बाबा काय सांगतील, हे रोहिणीला काही केल्या डोळ्यांपुढे आणता येत नव्हतं.

निरंजननं मीटरच्या दोन सुया अँप्लिफायरच्या पाठीला लावल्या, रोहिणीला गाडी चालू करायला सांगितलं, आकडा पाहिला.

"करंट तर बराबर येऊन राहिला."

मग त्यानं फ्यूज काढून उन्हाकडे धरून बघितला. तो शाबूत होता. गाण्याच्या टेपकडून येणारी वायर बदलून पाहिली, फरक पडला नाही. अँप्लिफायरच्या अंगावरचा छोटा स्क्रू एवढासा फिरवून पाहिला, तोही जागच्या जागी होता. बाबुराव सीट धरून उभेच होते. प्रत्येक वेळी निरंजननं मान हलवली की ते रोहिणीकडे बघून भुवया उडवायचे, जणू काही न सापडणं हाही त्यांच्याच बाजूचा पुरावा होता.

अर्थिंगची तार पत्र्याला जिथे कसली होती तिथे गंज निघाला. निरंजननं तो खरवडला, कुजलेला तुकडा कापून टाकला आणि नवी तार जोडून वर काळी चिकटटेप गुंडाळली.

"झेंडी," बाबुराव म्हणाले.

"काय काका?"

"सांधा केलास ना? झेंडी लाव." त्यांनी सीट खांद्यावर घेतलं, सदऱ्याच्या खिशातून पिवळ्या कागदाची एक चिठोरी काढली, टेपच्या शेवटच्या वेढ्यात खुपसली आणि टोक बाहेर राहील असं दाबलं. हे करून झाल्यावर त्यांचा हात तिथेच थांबला. त्यांनी मागच्या चटईकडे एकदा पाहिलं, मग लगेच रस्त्याकडे पाहिलं आणि समोरच्या टपरीला हात करून तीन चहा सांगितले.

निरंजन हसला. रोहिणीला यात हसण्यासारखं काही वाटलं नाही, कारण घरात झेंडीशिवाय सांधा तिनं पाहिलाच नव्हता. बाबुरावांची सगळी नोकरी कागदाचे रीळ गुंडाळणाऱ्या मशीनवर गेली. मशीनवर कागद तुटायचाच. तुटला की टोकाला टोक चिकटवायचं आणि त्या जागी रंगीत चिठ्ठी घालून तिचं टोक रिळाच्या कडेला बाहेर ठेवायचं. म्हणजे कुठल्या तरी लांबच्या शहरात छापखान्यातल्या माणसाला आधीच कळतं की इथे सांधा आहे, जपून घे. चिठ्ठी न घालता सांधा पुढे ढकलला तर ती चोरी, असं ते म्हणायचे. नोकरी संपली तरी बोटांना हे कोणी कळवलं नाही. बागेच्या पाइपाला झेंडी, मिक्सरच्या वायरीला झेंडी, शिवलेल्या चपलेला झेंडी. सुनील-रोहिणीच्या लग्नात अंतरपाट ऐन वेळी फाटलेला निघाला. तो बाबुरावांनीच शिवला. मंगलाष्टकं संपून अंतरपाट खाली आला, तेव्हा नवऱ्याच्या तोंडाआधी रोहिणीला दिसली ती कापडाच्या कडेला फडफडणारी एक पिवळी चिठोरी.

चहा आला. निरंजननं अँप्लिफायर सोडवून दुकानाच्या फळीवर नेला, तिथल्या बॅटरीवर लावला आणि स्वतःचा एक मोठा डबा त्याला जोडला. कुठलंसं गाणं लावून त्यानं बटण फिरवलं.

पहिल्या ठोक्याला बशीतला चहा हिंदकळला. शेजारचा शिंपी मशीन थांबवून बाहेर आला. रोहिणीच्या छातीत धडधड उठली आणि तिनं नकळत कानांवर हात नेले. बाबुराव तिच्याकडे पाठ करून टपरीवाल्याशी बोलत उभे होते. ते वळले नाहीत. टपरीवाल्यानं त्यांच्या खांद्यावरून दुकानाकडे बोट केलं तेव्हा ते वळले, आणि लगेच मान डोलवायला लागले.

"बघा," ते मोठ्यानं म्हणाले, "किती बारीक येतोय."

निरंजननं गाणं बंद केलं. शिंपी बाबुरावांकडे पाहत राहिला, मग आत गेला. रोहिणीनं कप खाली ठेवला. तिला एकदम हातात काहीतरी धरावंसं वाटलं, म्हणून तिनं मोबाइलच घट्ट धरला.

"वहिनी," निरंजन हळू आवाजात म्हणाला, "अँप तर फर्स्ट क्लास आहे. काकांना सांगू कसं?"

"गाडीत लावून ऐकवा," ती म्हणाली. "मला गाडीतलं ऐकायचंय."

अँप्लिफायर परत जागी बसला. रोहिणी व्हॅनमध्ये मागे, दोन डब्यांच्या मधोमध बसली. निरंजननं बटण पार शेवटपर्यंत नेलं. तिनं डोळे मिटून घेतले होते, कानांवर यावेळी आधीच हात होते. ते तिनं हळूहळू काढले. गाणं येत होतं, पण दार लावून कोणी आतल्या खोलीत गात असावं तसं. शब्द कळत होते, ठोका मात्र नव्हताच. डब्याच्या जाळीवर तिनं तळहात टेकवला. आतला पडदा हलत होता, जोरात हलत होता, आणि त्याचं काही बाहेर पडत नव्हतं.

"बाबा म्हणतात ते खरंय," ती खाली उतरत म्हणाली. तिच्या आवाजातला आनंद तिलाच जरा जास्त वाटला. "खरंच बारीक आहे."

बाबुरावांनी छाती काढली. "मी काय सांगत होतो? सुनीलला सांग. शब्दानं शब्द सांग."

निरंजन मात्र बुचकळ्यात पडला. अँप चांगला, डबे चांगले, करंट चांगला आणि आवाज नाही. तो गाडीला एक फेरी मारून आला, डोकं खाजवलं, पुन्हा मीटर हातात घेतलं, ठेवून दिलं. उद्या बघू म्हणावं का, असं त्याच्या तोंडावर दिसत होतं. तेव्हा बाबुराव कुठेतरी वर, विजेच्या तारांवर बसलेल्या कबुतरांकडे बघत म्हणाले, "एक डबा काढून बघ की."

"त्यानं काय होईल? आणखी कमी होईल."

"माझं मेलं एक म्हणणं."

निरंजननं डाव्या डब्याची वायर उपसली. त्याच क्षणी व्हॅनचा पत्रा थरथरला. उरलेला एक डबा दोघांचं वाजवत होता. त्यानं वायर लावली, आवाज विरला. काढली, पुन्हा दणका. त्यानं कपाळावर हात मारून घेतला, गल्ल्यातून घड्याळाचा एक सेल आणला आणि रोहिणीला बोलावलं. सेल उजव्या डब्याच्या तारांना टेकवला तेव्हा पडदा बाहेर आला. डाव्याच्या तारांना तसाच टेकवला तेव्हा पडदा आत गेला.

"एक ढकलून राहिला, दुसरा ओढून राहिला," तो म्हणाला. "दोघं मिळून एकमेकांचा आवाज खाऊन घेतात. कुठंतरी वायर उलटी झाली." बोलता बोलता त्याचा चेहरा उतरला. हा सगळा संच त्याच्या वडलांनी, मोतीलालजींनी, वारण्यापूर्वी दोन वर्षं बसवला होता. "पण वडलांच्या हातची वायर उलटी नाही लागत, वहिनी. ते तर म्हणायचे, लाल-काळा चुकवणारानं भाजी विकावी."

"माणूस आहे, चुकतो," बाबुराव उदारपणे म्हणाले. "मोतीलालला माझ्याकडून माफ."

निरंजन पक्कड आणायला आत गेला, आणि त्याच्या चालण्यात मघाचा उत्साह नव्हता. रोहिणीनं त्याच्या पाठीकडे पाहिलं. मग मोबाइलचा उजेड लावून ती व्हॅनमध्ये शिरली आणि डाव्या डब्याकडून वायर धरत धरत मागच्या चटईपर्यंत आली. चटई तिनं उचलली.

तिथे सांधा होता. वायर कापून, उलटी फिरवून जोडलेली. वरची काळी टेप इतकी नवी की तिला अजून वास येत होता. आणि टेपच्या शेवटच्या वेढ्यातून पिवळ्या कागदाचं टोक बाहेर आलं होतं, बोटाच्या पेराएवढं, सरळ, नीट दाबलेलं.

सकाळी चावी हातात पडल्यावर बाबा गाडी पुसायला म्हणून गेले होते. फडकं दोरीवर तसंच वाळत होतं. टेबलाच्या खणातली कात्री मात्र तिला भाजी निवडताना सापडली नव्हती.

बाहेर बाबुराव कबुतरं बघत होते. निदान मान तरी तिकडे होती.

रोहिणीनं चिठोरी ओढून काढली आणि मूठ मिटली. निरंजन आला तेव्हा ती चटई धरून बाजूला सरकली होती.

"हा बघा सांधा," ती म्हणाली. "टेप बघा. तुमच्या वडलांची नाही ही. हे नंतरचं आहे."

निरंजननं टेप नखानं उचकटली, हुंगली. त्याच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरलं. "हौ ना! ही तर आत्ताची. वडील असा सांधा मारतच नव्हते. मग कोणी केलं हे?"

कबुतरं उडून गेली होती. दोघंही बाबुरावांकडे बघत होते आणि बाबुरावांना आता बघायला तारांशिवाय काही उरलं नव्हतं. त्यांनी घसा साफ केला.

"उंदीर," ते म्हणाले.

"उंदीर?"

"मोठी गोष्ट आहे. बसून सांगण्यासारखी."

निरंजननं सांधा सोडवला, लाल लालला आणि काळा काळ्याला जोडला. दोन्ही डबे एका दमात वाजले आणि बाबुरावांनी गाडीच्या टपावर हात ठेवून तो दणका तळहातातून ऐकला. त्यांचे डोळे मिटले होते. रोहिणीनं हे पाहिलं, आणि मग हातातला मोबाइल वाजू लागला म्हणून ती चार पावलं बाजूला गेली.

सुनीलला घाई होती. त्यानं सरळच विचारलं, आवाज कसा होता.

"बारीक होता," ती म्हणाली. "मी स्वतः मधे बसून ऐकला. वायरीत दोष निघाला. आता ठीक झालंय."

पलीकडे यंत्रमागांचा खडखडाट चालू होता. सुनीलला हे अपेक्षित नव्हतं. मग त्यानं जपून विचारलं, "आणि बाबांचे कान?"

बाबुराव टपावरचा हात न काढता तिच्याकडे बघत होते. तिच्या डोळ्यांकडे नव्हे, ओठांकडे. ती किंचित वळून उभी राहिली.

"कानांचं मी बघते. मी नेईन त्यांना डॉक्टरकडे, मी ठरवेन कसं न्यायचं. आणि त्या शहापूरवाल्याला येऊ नका म्हणून सांगा. गाडी लागणार आहे."

"कोणाला?"

"मला."

"तुला? अगं, बाजारातून तुला ती..."

"लायसन आहे माझं," ती म्हणाली. "बाबांनीच शिकवलंय. तुम्ही बघू, बघू म्हणत राहिलात." फोन तिनंच आधी ठेवला, आणि लग्न झाल्यापासून हे पहिल्यांदाच घडलं होतं.

निंबोल्याकडच्या केळीच्या बागांमधल्या रस्त्यावर सकाळी सकाळी ती शिकली होती. बाबुराव बाजूला बसून थापा मारायचे आणि ती गिअर बदलायची. क्लच कधी सोडायचा हे त्यांनी कधी सांगितलं नाही. गोष्ट जिथे वळायची तिथे ते आपसूक पाय वर घ्यायचे, आणि तिचाही पाय वर यायचा. परत येताना कोपऱ्यावर जागा बदलायची, म्हणजे सुनीलला दिसायला नको.

आज बाबुराव आधीच उजव्या दाराशी जाऊन उभे होते. बोटात चावी फिरत होती.

"काय म्हणाला? हरला ना?"

"चावी द्या, बाबा."

त्यांनी मूठ मिटली. "अट काय होती? दोष गाडीत निघाला तर चावी माझी. निघाला की नाही? निरंजन साक्षीला आहे. मशीनवरून मला जनरल मॅनेजरला उठवता आलं नाही, तू कोण उठवणार?"

"कोणी नाही उठवत. गाडी तुमचीच आहे."

"मग?"

"चालवणार मी."

निरंजन फळी पुसायला लागला. पुसलेलीच फळी तो पुन्हा पुसत होता. बाबुराव तुटलेल्या आरशाच्या जागेकडे बघत राहिले. तिथे आता सुनीलनं तार आत खोचून वर प्लॅस्टिकची पिशवी बांधली होती. रोहिणीचा एक हात पुढे होता. दुसऱ्या हाताची मूठ तिनं अजून उघडली नव्हती.

"आणि मी काय करू?" त्यांनी विचारलं. "रस्ता सांगू? रस्ता तुला माहितीय."

"उंदरांचं राहिलंय ना सांगायचं."

त्यांनी तिच्या तळहातावर चावी ठेवली. ठेवली म्हणण्यापेक्षा आपटली. मग गाडीला पुढून वळसा घालून, वाटेत एका टायरला लाथ मारून, ते डाव्या बाजूला जाऊन बसले. दार त्यांनी इतक्या जोरात लावलं की डब्यांनीही हूं केलं.

रोहिणीनं चिठोरीसकट गिअरचा दांडा मुठीत धरून गाडी काढली. बाजाराची वेळ होती. हातगाड्या, ई-रिक्षा, मावा-जिलेबीच्या दुकानापुढे आडव्या लावलेल्या दुचाक्या, या सगळ्यांतून ती पहिल्या गिअरवर, दुसऱ्यावर, पुन्हा पहिल्यावर वाट काढत राहिली. बाबुराव पहिली दोन वळणं फुगून बसले. तिसऱ्या वळणावर त्यांना राहवलं नाही.

कोणी विश्वास ठेवायचा नाही, पण कारखान्याच्या गोदामातले उंदीर साधे नव्हते. कोरा कागद खाऊन खाऊन त्यांची बुद्धी अशी स्वच्छ झालेली होती की एकदा सांगितलं की त्यांना कळायचं. त्यांत एक म्हातारा होता, पांढऱ्या मिशांचा. तो पाळी बदलायच्या भोंग्यानं उठायचा आणि भोंग्यानं झोपायचा. इलेक्ट्रिक खात्यातल्या लोकांच्या पायाशी बसून त्यानं वायरिंगचं सगळं काम बघून ठेवलं होतं. बाबुराव निवृत्त झाले तेव्हा तो त्यांच्या पत्र्याच्या पेटीतून बुऱ्हाणपुरात आला. का आला? माणसाची सवय. इतकी वर्षं गुपचूप व्हॅनमध्ये राहिला. परवा मात्र त्याला दात शिवशिवले आणि त्यानं डाव्या डब्याची वायर कुरतडली.

सिंधीपुऱ्याच्या दरवाजाशी गाडी थांबली. जुन्या तटाचा तो दरवाजा, एका वेळी एकच वाहन जाईल एवढा. पलीकडून केळीचा टेम्पो शिरला होता आणि समोर म्हैस आल्यामुळे कमानीखाली अडून राहिला होता. रोहिणीनं हँडब्रेक ओढला.

कुरतडली आणि मग पस्तावला, बाबुराव सांगत होते. म्हातारा खानदानी होता. आपल्यामुळे मालकाचं गाणं बंद पडलं, हे त्याच्या मनाला लागलं. मग त्यानं काय केलं, दातांनी साल काढली, तारेला तार पिळली, दुकानातून टेप आणली...

मागे हॉर्न वाजला. मोठा, लांब, ट्रकचा. रोहिणीनं डाव्या आरशात पाहिलं. हॉर्न थांबला आणि पुन्हा सुरू झाला, या वेळी कोणीतरी बोट दाबून ठेवावं तसा. कमानीवरची कबुतरं उडाली. रस्त्यावरच्या एका बाईनं कानाशी पदर धरला. बाबुरावांचा स्वर तसूभर वर-खाली झाला नाही.

"...आणि टेप गुंडाळली. घट्ट, तीन वेढे. सगळं बरोबर केलं बिचाऱ्यानं. चूक एकच. उंदराला रंग कुठे दिसतो? लाल काय अन् काळा काय, त्याला सगळं सारखं. म्हणून उलटी लागली. त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. त्याच्या परीनं त्यानं गाडी वाचवायला बघितलं."

ते थांबले. गोष्ट चांगली जमली होती आणि त्यांना ते ठाऊक होतं. नेहमीसारखी ती आता एखादी खोट काढील, म्हणून ते पुढ्यात बघत, ओठांचे कोपरे आवळून वाट पाहत बसले.

रोहिणीनं गाण्याच्या टेपचं बटण बंद केलं. मागचा हॉर्न चालूच होता. तिनं मिटलेली मूठ डॅशबोर्डवर नेली आणि उघडली. घामानं मऊ झालेली पिवळी चिठोरी काचेशी जाऊन टेकली. मग ती त्यांच्या उजव्या कानाशी वाकली आणि हॉर्नच्या वर आवाज चढवून, कमानीखालच्या टेम्पोवाल्यालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली,

"बाबा, उंदीर सांध्याला झेंडी लावत नाहीत."